राहिलेल्याची वेणी

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी लंडनमधल्या क्रॉयडनला आणलं तेव्हा नवं शतक चार-पाच वर्षांचं झालं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. व्हिसा सहा महिन्यांचा, पाहुण्याचा. पण त्यांना परत पाठवायचं नाही, हे मी त्यांना विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. वयस्कर आईवडिलांना कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज त्या काळात इथूनच करता येत असे, आणि व्हिसा ऑफिस आमच्या घरापासून ट्रामनं चार स्टॉपवर. मी फॉर्म आणून भरूनसुद्धा ठेवला होता, फक्त त्यांची सही राहिली होती. तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या ट्रेखाली पडून असायचा. सहीचा विषय काढला की आप्पा म्हणत, "बघू." माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट डोक्यात घेतली की समोरच्याचा 'बघू' मी 'हो'च धरते.

त्यांचं त्यांना ठरवू दे, असं नवऱ्यानं मला एकदोनदा सुचवून पाहिलं. त्याला काय जातंय सांगायला? तो आठवड्यातले चार दिवस नॉटिंगहॅमला नोकरीवर. ते चार दिवस मी हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी यायची, कोट काढायची आणि रेडिओ लावायची, कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. आप्पा गावी एकटे पडलेत असं मी सगळ्यांना सांगत होते. मी किती एकटी पडले होते, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते.

आप्पांनी चाळीस वर्षं लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर मुकादमी केली. खळं म्हणजे कांदा निवडून गोणीत भरायची जागा. लांबच लांब पत्र्याची शेड, खाली कांद्याचे ढीग, बायका गोल करून निवडायला बसलेल्या, आणि आप्पा मधून फिरत. कांद्याच्या मानेवर नुसता अंगठा ठेवून आत सड आहे की नाही ते सांगायचे. असा माणूस क्रॉयडनमध्ये खिडकीशी खुर्ची घेऊन बसला. सुपरमार्केटमध्ये मी त्यांना हौसेनं नेलं, तर जाळीच्या पिशवीतला एक कांदा त्यांनी पिशवीवरूनच दाबला आणि जागच्या जागी ठेवून दिला. मला फार लागलं ते. जणू मीच तो पिकवला होता.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी धुकं होतं. समोरची घरं अर्धीच दिसत होती, आणि त्या पांढुरक्यातून एक सायकल चालत आली. सायकलीवर माणूस बसलेला नव्हता, तो शेजारून तिला हाताला धरून आणत होता; आणि तिच्या हँडलवर, मागे, दोन्ही बाजूंना कांदे लटकलेले. गुलाबी कांदे, वेणीत गुंफलेले. आप्पा खिडकीतून उठले आणि पायात काही न घालता दारात गेले. इंग्लंडात आल्यापासून ते आपणहून कुठे गेले असतील तर ते तेवढंच.

सायकलवाला त्यांच्याच वयाचा, सत्तरी ओलांडलेला, लाल गालांचा. आप्पांनी नमस्कार-चमत्कार काही न करता एका कांद्याच्या मानेवर अंगठा ठेवला. म्हातारा आधी चिडला. मग त्यानं तो अंगठा नीट पाहिला. चाळीस वर्षांत त्या अंगठ्याची कातडी एका बाजूनं जाड आणि गुळगुळीत झाली होती. म्हाताऱ्यानं आपला अंगठा पुढे केला. तोही तसाच. दोघं दारात उभे राहून एकमेकांचे अंगठे बघत होते आणि मी नाइटीवर मागे उभी. शेवटी आप्पा मला म्हणाले, याला विचार हा कुठला.

तो फ्रान्सचा, पण फ्रेंच म्हटलेलं त्याला चालत नसे. तो ब्रिटनीचा. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं समुद्रात घुसलेलं पश्चिमेचं टोक, तिथली बोलीही वेगळी. त्या किनाऱ्यावर चाळीसेक घरांचं त्याचं गाव. त्या गावातले आणि आसपासच्या गावांतले पुरुष दीडदोन पिढ्या नव्हे, पाच-सहा पिढ्या दर उन्हाळ्यात कांदा बोटीत घालून इंग्लंडला येत आणि दारोदार फिरून विकत. आता त्यातले थोडेच उरले होते. म्हातारा आपल्या आजोबांपासून चालत आलेली दक्षिण लंडनची फेरी अजून करत होता. चर्चच्या हॉलमागचं एक गॅरेज त्यानं भाड्यानं घेतलं होतं. गावाहून व्हॅननं आणलेला कांदा तिथे ठेवायचा, वेण्या घालायच्या आणि विकायला निघायचं. गॅरेज आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

पुढच्या शनिवारपासून आप्पा गॅरेजवर जाऊ लागले. मग रोजच. म्हातारा एका खोक्यावर बसून वेण्या घाली, आप्पा पाय पसरून खाली बसत आणि निवडत: मोठा, मधला, बारकी गोल्टी, सडका. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, पण काम अडत नव्हतं. अडायचं ते गप्पांचं. म्हाताऱ्याला फेरीवर शिकलेलं इंग्रजी येई, आप्पांना नाही; म्हणून शनिवारी मी हवी असे. मी गेले की दोघंही आठवडाभर साठवलेलं बोलणं माझ्या अंगावर टाकत आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत राही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. गॅरेजच्या उघड्या दारातून ऊन यायचं, हवेत कांद्याची पातळ गुलाबी सालपटं तरंगत राहायची, आणि म्हाताऱ्याचं गाव थोडं थोडं त्या गॅरेजात उतरायचं.

त्याच्या गावाची जमीन काळी. वादळानंतर समुद्र किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग आणून टाकतो. ते बैलगाडीसारख्या गाड्यांत भरून शेतात घालायचं, हेच तिथलं खत. आप्पांनी विचारलं, खारट नाही होत जमीन? पाऊस धुऊन टाकतो म्हणे. घरं दगडी, बुटकी, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. कांद्याचं पहिलं बी कुणा साधूनं परदेशातून आणून मठाच्या बागेत टाकलं असं सांगतात. मग गलबतांवरच्या लोकांना कळलं की हा कांदा लांबच्या सफरीत टिकतो. बी घराघरांतलं वेगळं, सासूनं सुनेला द्यायचं. आणि चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेली गलबतं, शिवाय दगडी तोफा, त्यांची तोंडं नेमकी इंग्लंडकडे. हे ऐकून आप्पा खूप हसले. तोफा इंग्लंडकडे आणि कांदेही इंग्लंडकडेच, म्हणाले. मी ते भाषांतर करून सांगितल्यावर म्हाताराही डोळे पुसेपर्यंत हसला.

शाळेचंही त्यानं सांगितलं. घरची बोली वर्गात बोललं की मास्तर गळ्यात लाकडी खडाव अडकवत. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं दुसऱ्या कुणाला बोली बोलताना पकडून द्यायचं, म्हणजे ती त्याच्या गळ्यात जायची. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्याला मार. त्याच्या आईनं म्हणून मुलांशी फ्रेंचमध्ये बोलायचा प्रयत्न केला, आणि तिला ते येत नसल्यामुळे तिच्या घरात दोन वर्षं फारसं कुणी बोललंच नाही. मला लॅबमधल्या माझ्या पहिल्या वर्षाची आठवण झाली, पण ती मी कुणालाच भाषांतर करून सांगितली नाही.

गावाबाहेर समुद्राकडे एका उंचवट्यावर पांढरं छोटं देऊळ होतं, संतिणीचं. म्हातारा 'चॅपल' म्हणे, मी आप्पांना देऊळ सांगितलं. जुलैत तिचा उत्सव. मिरवणूक, भाकरीएवढ्या काळ्या घावनांचं जेवण, नाच. आणि दुसऱ्या दिवशी बोटी निघायच्या. बायका त्या देवळापाशी उभ्या राहून शिडं दिसेनाशी होईपर्यंत बघायच्या. देऊळ दरवर्षी चुन्यानं पांढरं करायचे, कारण समुद्रावरून गावातलं शेवटी दिसतं ते तेच, आणि परत येताना आधी दिसतं तेही तेच. एका हिवाळ्यात परत येणारी बोट अगदी घराजवळ येऊन खडकावर फुटली, बर्फ पडत असताना. कितीतरी घरं बसली. तरी पुढच्या जुलैत देवळाला चुना लागलाच.

आप्पांना हे गाव स्वप्नात दिसू लागलं होतं. सकाळी चहा पिताना ते मला सांगत. त्या पांढऱ्या देवळापुढे त्यांना कडुनिंब दिसायचा, त्याखाली आई कांदे निवडत बसलेली, आणि मागे समुद्र. आप्पांनी समुद्र विमानातून पाहिला होता तेवढाच. मलाही ते दिसू लागलं. लॅबमधून ट्रामनं येताना काचेवर पाऊस असायचा, आणि ऑफिसांच्या त्या उंच इमारतींच्या मधे कुठेतरी मला चुन्याची भिंत दिसल्यासारखी वाटायची. मी सुखात होते. घरी आले की चहाचं आधण ठेवलेलं असे. आता हे असंच राहू दे, एवढंच मला हवं होतं.

ऑक्टोबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एका खिळ्याला पहिल्या दिवसापासून एक वेणी टांगलेली होती, ती विकली जात नव्हती. आप्पांनी तिच्याबद्दल विचारलं. म्हातारा म्हणाला, ती त्याची स्वतःची. त्याच्या गावात प्रत्येक जण एक वेणी मागे ठेवतो आणि हंगाम संपला की परत घरी नेतो. आलो, हे सांगायला. ती चुलीवर टांगायची आणि नाताळात खायची.

"त्याला विचार गं," आप्पा म्हणाले, "जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय करता?"

म्हातारा म्हणाला, असेही होते. कुणी इकडेच लग्न करी, कुणी दुकान टाकी. मग सोबतचे लोक त्याची वेणी गावी नेऊन त्याच्या आईच्या हातात देत. आई ते कांदे खात नसे. ती ते परसात पुरत असे, म्हणजे दुसऱ्या वर्षी त्यांना फुलं येत आणि बी धरे. जो आला त्याचा कांदा खायचा, राहिला त्याचं बी करायचं, अशी रीत. हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. आप्पांनी मान डोलावली. कांदा पुन्हा लावला की वर फुलाचा दांडा येतो, त्याला आमच्याकडे डेंगळे म्हणतात, ते त्यांना नवीन नव्हतं.

मग म्हातारा आपल्या काकाबद्दल सांगू लागला. काका वेल्सकडे राहिला. दुकान, घर, बायको, सगळं झालं. म्हातारपणी मात्र तो रोज सकाळी कोट घालून दाराशी खुर्ची टाकून बसे. तिथून समुद्र दिसतही नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, बोट लागली का? शेवटची सहा वर्षं त्यानं हेच विचारलं. बायकोचं नाव विसरला, पण हे नाही विसरला.

सांगून तो थांबला. दोघंही माझ्याकडे बघत होते. आप्पांच्या मांडीत एक गोल्टी होती, तिच्यावर त्यांचा अंगठा. मला खिडकीशी टाकलेली ती खुर्ची दिसली, आमच्या घरातली.

मी म्हणाले, "ते म्हणतात, त्यांचे काका इकडेच राहिले. दुकान टाकलं, घर केलं. मजेत राहिले शेवटपर्यंत. गावाची आठवणसुद्धा काढली नाही कधी."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आप्पा "बरं" म्हणाले. म्हातारा पुन्हा वेणी घालू लागला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आप्पांनी आपणहून फॉर्म मागितला. चमच्यांचा ट्रे उचलून मी तो काढला. त्यांनी चष्मा लावून, जीभ दातात धरून, मराठीत सही केली. मला आनंदानं नाचावंसं वाटायला हवं होतं. मी भांडी घासली, ओटा दोनदा पुसला, नवऱ्याला फोन करून बातमी दिली, आणि तो खूश झाला म्हणून त्याच्यावरच चिडले.

फॉर्म पर्समध्ये घालून मी तीनदा ट्राममध्ये बसले. तिन्ही वेळा तो स्टॉप आला आणि गेला. लॅबमध्ये काम फार आहे, असं मी स्वतःला सांगत होते. नोव्हेंबर गेला. आप्पा गॅरेजवर जातच होते. म्हाताऱ्याकडून ते वेणी घालायला शिकत होते. एका कोपऱ्यात त्यांची एक वेणी आठवड्याआठवड्यानं वाढत होती, वेडीवाकडी, सगळ्या गोल्ट्यांची. म्हातारा तिला हसायचा, मीसुद्धा.

डिसेंबरच्या मध्यावर म्हातारा निघाला. गॅरेज रिकामं झालं होतं, जमिनीवर घोट्याएवढी सालपटं. ही आपली शेवटची फेरी, गुडघे गेले, मुलगा टूलूझला कुठल्याशा कंपनीत आहे आणि त्याला कांद्याचा वास सहन होत नाही, असं त्यानं सांगितलं. खिळ्यावरची वेणी काढून त्यानं व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला. दोघांनी अंगठ्याला अंगठा लावला. व्हॅन वळून दिसेनाशी होईपर्यंत आप्पा फुटपाथवर उभे होते.

मग आत येऊन त्यांनी कोपऱ्यातली आपली वेणी उचलली. नऊ कांदे होते. मी म्हटलं, आणा, किचनमध्ये टांगू, छान दिसेल.

"ही इथं टांगायची नाही," आप्पा म्हणाले. "ही मी घरी नेणार."

"घरी म्हणजे?"

"घरी."

माझा पारा चढला. तुम्ही सही केलीत, मी म्हटलं, लेखी दिलंत.

"केली," ते म्हणाले. "तुझ्यावर खोटं बोलायची पाळी आली, तेव्हा म्हटलं पोरीची गरज लई मोठी दिसते. म्हणून त्या रात्री ना म्हणवलं नाही."

त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं.

"काकाचं सांगताना त्याचे हात थांबले होते. मजेत राहिलेल्या माणसाचं सांगताना कुणाचे हात थांबत नाहीत."

त्या सालपटांत उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. कोट, खुर्ची, बोट लागली का. एकही शब्द न गाळता. सांगताना मी रडत होते, आणि ते मध्येच मान हलवत होते, एखादं ओळखीचं घर दाखवल्यावर हलवावी तशी. माझं झाल्यावर मी म्हटलं, मग तुम्ही इथे राहत नाही, परत चाललात, म्हणजे ही आलेल्याची वेणी. गावी जाऊन भाजीत टाका.

"माझी कुठली," आप्पा म्हणाले. "मी पाहुणा आलेलो. राहिली तू. परत न आलेल्यांचं मी त्याला विचारलं, ते माझ्यासाठी नव्हतं विचारलं."

ते शांतपणे एकेक कांदा अंगठ्यानं तपासत होते.

"ही तुझी वेणी आहे. तुझी आई असती तर तिच्या हातात दिली असती. आता मीच लावीन."

मी खाली बसले. चार महिने मी त्यांच्या राहण्या-न राहण्यावर जीव टाकत होते, आणि ते त्या गॅरेजात बसून माझ्या जाण्याचं काय करायचं ते शोधत होते. मी गेले त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत आमच्या घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. पोरगी लंडनला आहे म्हणून पेढे तेवढे वाटले होते.

फॉर्म मी फाडला नाही, तेवढं धैर्य नव्हतं. तो पुन्हा चमच्यांखाली गेला. जानेवारीत आप्पांना विमानतळावर सोडलं. बॅगेत मधोमध, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले नऊ कांदे. लासलगावला कांदे घेऊन चाललाय, लोक वेड्यात काढतील, असं मी हसत म्हटलं. ते म्हणाले, काढू देत. घरी येऊन मी खिडकीशी असलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि रेडिओ लावला.

मार्चअखेर एका रविवारी फोनकार्ड खरवडून मी नंबर लावला. आप्पा सांगत होते, नवातले पाच कुजले, परदेशी मालाला आपलं ऊन झेपलं नाही. चार मात्र उभे राहिलेत, घरामागच्या भिंतीशी, कमरेएवढे. फुलं आलीत, मधमाश्या बसतात. मी विचारलं, फुलं गुलाबी आहेत का. नाही गं, म्हणाले, कुठलाही कांदा असू दे, फूल पांढरंच. लांबून पाहिलं की चुन्यानं रंगवल्यासारखं दिसतं म्हणे.

कार्डावरची मिनिटं संपत आल्याचं रेकॉर्डवरच्या बाईनं मध्येच इंग्रजीत सांगितलं. आप्पांनी घाईघाईनं विचारलं, कधी येतेस.

"बघू," मी म्हणाले.

"बरं," आप्पा म्हणाले. "मग तोवर बी उतरवत नाही."